कुठली सही कधी 'नाही' म्हणाली? छोट्या टीमनं आपली प्रोसेस कशी तपासावी

कोल्हापुरात सॉफ्टवेअर करणाऱ्यांच्या दोन तऱ्हा मला रोज दिसतात. एक तऱ्हा "टाकलंय बघा" एवढा व्हॉट्सॲप करून थेट गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर कोड चढवणारी. दुसरी पुण्या-बेंगळुरूला बरीच वर्षं काढून परत आलेली, येताना तिथले सगळे फॉर्म डोक्यात घेऊन आलेली. मी या दुसऱ्या तऱ्हेतली. आता राजारामपुरीत आमची नऊ जणांची टीम आहे. शिरोली-उद्यमनगरातल्या फौंड्र्या आणि करवीर, कागल, राधानगरी भागातल्या दूध संस्था ही आमची गिऱ्हाइकं.

नवीन लागलेली पोरं पहिल्या महिन्यातच विचारतात, "मॅडम, एवढ्या प्रोसेसनं खरंच सॉफ्टवेअर सुधारतं का वो?" थोड्या प्रोसेसनं सुधारतं, बऱ्याचशीनं सुधारल्यासारखं वाटतं. कुठली थोडी आणि कुठली बरीचशी हे आपल्याच ऑफिसात बसून ओळखता येतं. त्याला सल्लागार लागत नाही, सर्टिफिकेट लागत नाही. एक कोरा कागद आणि एक दुपार पुरते. कसं करायचं ते सांगते.

आधी एका कामाचा माग काढा

कंपनीची प्रोसेस पुस्तिका बाजूला ठेवा. त्यात काय व्हायला हवं ते लिहिलेलं असतं, आणि आपल्याला काय होतं ते बघायचंय. गेल्या महिन्यात पूर्ण झालेलं एक साधं काम निवडा. फार मोठं नको, आग लागली म्हणून पळत केलेलंही नको.

आमच्याकडचं उदाहरण घ्या. एका दूध संस्थेनं सांगितलं, पशुखाद्याच्या पोत्याची रक्कम एकाच बिलात कापू नका, दोन बिलांत कापा. दूध बिल दर दहा दिवसांनी निघतं, त्यामुळं एकाच बिलात पूर्ण पोतं कापलं तर एक म्हैस असलेल्या माणसाच्या हातात काही उरत नाही. कोडचं काम एका दुपारचं. पण मागणी आल्यापासून सचिवाच्या संगणकावर ते दिसेपर्यंत काय काय झालं, ते तारखांसकट लिहून काढा. कुणाच्या मेलची वाट बघितली, कुठला फॉर्म भरला, कुठल्या मीटिंगपर्यंत थांबलं, कुणी "बघून सांगतो" म्हणालं. जिथं जिथं काम हातातून खाली ठेवलं गेलं, ती प्रत्येक जागा म्हणजे एक ओळ.

मग प्रत्येक ओळीपुढं तीन रकाने आखा. कोण थांबवतं? किती वेळ थांबतं? आणि तिसरा: या जागेनं शेवटचं 'नाही' कधी म्हटलं, आणि कशाबद्दल?

पहिले दोन रकाने कुणीही भरतं. सगळा जीव तिसऱ्यात आहे. भरताना लोक घुटमळतात, एकमेकांकडं बघतात, मग कुणीतरी हसतं. रिकामा राहिला तर रिकामाच ठेवा, ओढूनताणून काही लिहू नका.

तिसरा रकाना कसा वाचायचा

मी पूर्वी ज्या मोठ्या कंपनीत होते तिथं कुठलाही बदल प्रॉडक्शनवर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या चालू यंत्रणेवर, जायच्या आधी एका मंडळापुढं जायचा. मंडळ आठवड्यातून एकदा बसायचं. फॉर्मला 'इम्पॅक्ट ॲनालिसिस' (या बदलाचा कुठं काय परिणाम होईल) नावाचा रकाना होता आणि त्यात सगळे मागच्या फॉर्ममधलं वाक्य उचलून चिकटवायचे. मंडळातली माणसं हुशार होती, पण वेगळ्या खात्यांतली. ज्या कोडवर सही करायची तो त्यांनी उघडून बघितलेला नसायचा, आणि बघून त्यांना कळायचंही काही कारण नव्हतं. "टेस्टिंग झालं?" "झालं." "बॅकआउट प्लॅन (बिघडलं तर मागं फिरायची वाट) आहे?" "आहे." सही. फॉर्म परत यायचेही, नाही असं नाही. पण कशासाठी? तर प्रोजेक्ट कोड चुकला, मॅनेजरचं नाव जुनं राहिलं, तारखेचा नमुना वेगळा पडला. कोडमध्ये काही खोट आहे म्हणून परत आलेला फॉर्म मी तरी बघितला नाही. म्हणून तिसरा रकाना भरताना एक गाळणी लावा: फॉर्मबद्दलचं 'नाही' मोजायचं नाही, मालाबद्दलचं 'नाही' तेवढंच मोजायचं.

हे माझ्या एकटीचं रडगाणं असतं तर सोडून दिलं असतं. पण निकोल फोर्सग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरच्या हजारो सॉफ्टवेअरवाल्यांची वर्षानुवर्षं पाहणी केली आणि २०१८ साली तिचे निष्कर्ष एकत्र छापले. टीमच्या बाहेरच्या माणसाची किंवा मंडळाची मंजुरी जिथं लागते, तिथं काम उशिरा पोचतं, कमी वेळा पोचतं, बिघडलं तर दुरुस्त व्हायलाही जास्त वेळ लागतो, असं त्यात दिसलं. इथवर कुणालाच आश्चर्य वाटणार नाही. पण बिघडणाऱ्या बदलांचं प्रमाण त्या मंजुरीनं कमी झालेलं दिसलं नाही. म्हणजे वेळ गेला आणि बदल्यात काही मिळालं नाही.

असं का होतं तेही समजून घ्या, कारण वरिष्ठांशी बोलताना हीच गोष्ट कामी येते. मंडळ गुरुवारी बसत असेल तर शुक्रवार ते बुधवार लिहिलेला सगळा कोड साठतो. दहा छोटे बदल एका गठ्ठ्यात जातात. गठ्ठा बिघडला की दहांपैकी कुणी बिघडवलं ते शोधण्यात रात्र जाते. मग साहेब म्हणतात, बघा, एवढं बिघडतंय, अजून एक सही वाढवा. सही वाढली की गठ्ठा अजून मोठा.

उलट, खरं 'नाही' बघायचं असेल तर फौंड्रीत जा. आमच्या एका गिऱ्हाइकाकडं भट्टीत लोखंड वितळलं की कामगार लांब दांड्याच्या चमच्यानं थोडा रस काढून छोट्या साच्यात ओततो. नाण्याएवढा तुकडा निघतो. तो गार करून, घासून, पळतपळत लॅबमध्ये नेतात. स्पेक्ट्रोमीटरवर ठिणगी पडते आणि कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक, फॉस्फरस असे आकडे पडद्यावर येतात. लॅबमधला तरुण पोरगा खिडकीतून ओरडतो, "कार्बन कमी हाय, थांबा!" आणि थांबतात. भट्टी तापलेली, साचे मांडलेले, विजेचं मीटर पळतंय, सुपरवायझर त्या पोराच्या दुप्पट वयाचा, तरी थांबतात. भट्टीत पुन्हा भर टाकतात, पुन्हा नमुना काढतात. त्या सहीला किंमत आहे, कारण सही करणाऱ्याच्या हातात माल आहे, निकाल दोन-चार मिनिटांत येतो आणि त्याच्या 'नाही'वर ओतकाम खरंच अडतं.

त्याच कारखान्यात पलीकडच्या खोलीत ऑडिटची फाइल असते. एकदा सॉफ्टवेअरसाठी जुना डेटा हवा म्हणून आम्ही ती चाळली. ओतताना तापमान किती, या रकान्यात तिन्ही पाळ्यांना, सगळे दिवस, एकच आकडा. एकाच पेनानं, एकाच बसणीत लिहिल्यासारखा. मी मालकांकडं बघितलं. ते म्हणाले, "ते कागद गिऱ्हाइकाचं, वो. आमचं तिकडं भट्टीवर." दोन्ही एकाच छपराखाली. तुमच्या ऑफिसातही दोन्ही असणार. कुठली ओळ भट्टीवरची आणि कुठली फाइलमधली, हे तिसरा रकाना सांगतो.

रिकामा रकाना म्हणजे लगेच फुली नव्हे

इथं घाई करू नका. एखादं दार, म्हणजे काम अडवणारी जागा, कधीच 'नाही' म्हणत नाही, कारण दार आहे म्हणून लोक आधीच नीट तयारी करून येतात, असंही असू शकतं. कोड रिव्ह्यूचं, म्हणजे एकाचा कोड दुसऱ्यानं वाचून बघण्याचं, बऱ्याचदा असं असतं. शेजारचा वाचणार आहे म्हटल्यावर माणूस आपणहून फालतू व्हेरिएबलची नावं बदलतो, अर्धवट राहिलेला भाग पुरा करतो.

मग ओळखायचं कसं? दार काही दिवस उघडं ठेवून बघा. दोन बिलं, चार बिलं, तुमच्या कामाला जो काळ शोभेल तो. आधी लिहून ठेवा: या काळात काय वाढलं तर दार परत लावायचं. गिऱ्हाइकाचे फोन? मागं घ्यावे लागलेले रिलीज, म्हणजे गिऱ्हाइकाकडं चढवलेल्या नव्या आवृत्त्या? काही वाढलं नाही तर दार काढून टाका. वाढलं तर परत लावा, आणि आता तिसऱ्या रकान्यात लिहायला तुमच्याकडं काहीतरी आहे. आमच्याकडं 'रिक्वायरमेंट साइन-ऑफ' नावाची, काय हवंय ते पक्कं झालं असं सांगणारी, एक सही होती. ती काढली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. रोजची सकाळची मीटिंगही काढून बघितली. तिसऱ्या दिवशी दोघं एकच काम करत बसलेले सापडले, ती परत आली. उभ्यानंच घेतो, चहा यायच्या आत संपते.

पण जे परत फिरवता येत नाही त्यावर हा प्रयोग नको. बॅकअप, सभासदांच्या पैशाचा हिशेब, डेटा पुसण्याची परवानगी. तिथं दार उघडं ठेवून 'बघू काय होतं' म्हणणं म्हणजे धरणाचा दरवाजा उचलून पंचगंगेला किती पाणी येतं ते मोजण्यासारखं.

जिथं प्रोसेस कमी पडली

पहिल्या तऱ्हेच्या मंडळींनी इथवर वाचून खूश होऊ नये. आता त्यांची पाळी.

१ ऑगस्ट २०१२. अमेरिकेतली नाइट कॅपिटल ही शेअर बाजारात मोठी उलाढाल करणारी कंपनी. नवीन कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. चढवणाऱ्यानं सातांवर चढवला, आठवा राहिला. त्या आठव्यावर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता, आणि नव्या कोडनं नेमकी त्याच जुन्या कामाची खूण परत वापरायला घेतली होती. बाजार उघडला आणि आठवा सर्व्हर वेड्यासारखे सौदे करत सुटला. पाऊण तासात कंपनीला ४६ कोटी डॉलरच्या वर फटका बसला आणि तिचं स्वतंत्र अस्तित्वच पुढं संपलं. अमेरिकेच्या बाजार नियामकानं चौकशी केली. त्यात निघालं की चढवलेलं काम दुसऱ्या माणसानं तपासावं असा लेखी नियम कंपनीत नव्हता. अजून एक गोष्ट निघाली, तीच मला जास्त लागते: बाजार उघडण्याआधीच त्यांच्या यंत्रणेनं या गडबडीकडं बोट दाखवणाऱ्या ९७ मेल पाठवल्या होत्या. त्या इशारा म्हणून बनवलेल्याच नव्हत्या, त्यामुळं कुणी वाचल्या नाहीत.

त्या दिवशी मंडळ लागलं नसतं, फॉर्म लागला नसता. आठही सर्व्हरवर एकच आवृत्ती आहे का, हे बघणारा दुसरा माणूस, नाहीतर दहा ओळींची स्क्रिप्ट, एवढ्यानं भागलं असतं.

३१ जानेवारी २०१७ चं गिटलॅबचं, म्हणजे जगभरच्या टीमचा कोड सांभाळून ठेवणाऱ्या कंपनीचं, प्रकरण वेगळ्या जातीचं. रात्री उशिरा दमलेल्या इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला घेतला. सेकंदात लक्षात आलं, पण तोवर सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार उरले होते. बॅकअपच्या एक नव्हे, पाच वाटा होत्या, आणि ऐनवेळी त्यांतली एकही धड चालेना. रोजचा बॅकअप आवृत्ती जुळत नसल्यामुळं कधीपासून फसत होता. 'फसला' असं सांगणाऱ्या मेलही पोचत नव्हत्या. कुणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हातानं काढलेली एक प्रत होती म्हणून वाचले. सहा तासांचा डेटा गेला तो गेलाच. त्यांनी ही सगळी दुरुस्ती यूट्यूबवर जगासमोर केली, त्याला मात्र मानलं पाहिजे.

म्हणजे गिटलॅबकडं कागदावर प्रोसेस भरपूर होती. तिसरा रकाना कुणी भरला नव्हता. बॅकअपच्या बाबतीत तिसरा रकाना असा वाचायचा: यातून शेवटचं काही परत काढून कधी बघितलं? आमच्या फौंड्रीवाल्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्यांना हा प्रश्न विचारला की ते टेबलाच्या खणातून पेन ड्राइव्ह काढून दाखवतात. पेन ड्राइव्ह आहे हे दिसतंय, साहेब. उघडून दाखवा.

जाड प्रोसेस कुणाला शोभते

जिथं चूक म्हणजे माणसांचे जीव, तिथं शोभते, आणि चालतेसुद्धा. नासाच्या स्पेस शटलच्या उड्डाणाचं सॉफ्टवेअर ह्यूस्टनला बनायचं. सुमारे ४,२०,००० ओळींचा कोड, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यात त्यांच्या लागोपाठच्या तीन आवृत्त्यांत प्रत्येकी एकच चूक सापडली होती. त्यासाठी काय करायचे? कार्यक्रमाच्या दीड टक्क्याएवढा एक बदल होता, जीपीएस जोडण्याचा. त्या एवढ्या बदलाचं नुसतं वर्णन २,५०० पानांचं होतं. अडीचशेच्या वर माणसं, वर्षाला साडेतीन कोटी डॉलर. आमची दूध संस्था वर्षाची देखभाल फी द्यायच्या वेळी चेअरमनना फोन लावते, तिथं हे झेपणार नाही आणि त्याची गरजही नाही.

पण त्यांची एक सवय फुकट घेण्यासारखी आहे. चूक सापडली की ते तीन गोष्टी करायचे: ती दुरुस्त करायची, तशीच चूक अजून कुठं आहे का ते शोधायचं, आणि आपल्या कामाच्या पद्धतीतून ती निसटली कशी ते शोधून पद्धत दुरुस्त करायची. आपल्याकडं पहिलीवर गाडी थांबते.

मग ही जाड प्रोसेस आपल्यापर्यंत आली कशी? १९७० साली विन्स्टन रॉइस यांनी एका लेखात चित्र काढलं, आधी गरजा, मग आराखडा, मग कोड, मग टेस्टिंग, एकाखाली एक पायऱ्या. त्याच लेखात पुढं त्यांनी असं सरळ एका दमात खाली उतरणं धोक्याचं आहे असंही लिहिलं. चित्र जगभर गेलं, पुढची ओळ राहिली. नंतर कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संस्थेनं सीएमएम आणलं, म्हणजे कंपनीची कामाची पद्धत किती पक्की ते मोजणारी पट्टी, पहिली ते पाचवी पातळी. त्यामागं अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा पैसा होता, आणि गरज होती ती कंत्राटदार पारखायची. हे ध्यानात ठेवा: ती विकत घेणाऱ्याची मोजपट्टी होती. भारतीय कंपन्यांनी नव्वदच्या शेवटी पाचव्या पातळीची सर्टिफिकेटं धडाधड मिळवली, कारण सातासमुद्रापारच्या गिऱ्हाइकाला आपला विश्वास पटवायला दुसरं काही हातात नव्हतं. त्यात चूक काहीच नाही. पण गिऱ्हाइकाला दाखवायचा कागद आणि कोड सुधारायचं काम या दोन गोष्टी तिथं एकमेकींत गुंतल्या, त्या अजून सुटलेल्या नाहीत.

काय ठेवायचं

प्रत्येकाचं वेगळं असेल. आमच्या दूध बिलाच्या रिलीजची यादी जशीच्या तशी देते. भिंतीवर चिकटवलेली आहे.

१. आज १०, २० किंवा महिनाअखेर नाही ना? असेल तर आज काही टाकायचं नाही.

२. सकाळचं किंवा संध्याकाळचं संकलन चालू नाही ना?

३. मागच्या तीन बिलांचा डेटा नव्या कोडवर चालवला. फरक आला तिथं प्रत्येक फरकाचं कारण लिहिलं.

४. म्हैस ६.० फॅट ९.० एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकीचा घन भाग), गाय ३.५ फॅट ८.५ एसएनएफ, इथं दर पैशापर्यंत जुळला. एक पायरी वर, एक पायरी खाली, तेही बघितलं.

५. कालचा बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून एका सभासदाचं खातं वाचलं.

६. मागं कसं फिरायचं हे माहीत असलेला दुसरा माणूस जागेवर आहे.

७. टाकल्यावर प्रत्येक सर्व्हरचा आवृत्ती क्रमांक दुसऱ्यानं वाचला.

यातल्या दुसऱ्या ओळीचा इतिहास सांगते. एका संस्थेत ऑपरेटरनं संध्याकाळचं संकलन अर्ध्यावर असताना नवं दरपत्रक चढवलं. रांगेतल्या पुढच्यांना जुना दर, मागच्यांना नवा. त्यातले दोघं सख्खे भाऊ, वेगळे निघालेले. पुढचं मी सांगत नाही. ती ओळ आज संगणकच बघतो: संकलन उघडं असेल तर दरपत्रकाचं बटणच चालत नाही. यादी अशी आटत जायला हवी. जे यंत्राला बघता येतं ते माणसाच्या सहीवर ठेवू नका. तिसरी आणि चौथी ओळही आता कोड जमा केला की आपोआप चालते. जुळलं नाही तर पुढं जाऊच देत नाही, आणि यंत्राला "जाऊ दे की भावा, एवढ्यापुरतं" म्हणता येत नाही.

कोड रिव्ह्यूबद्दल थोडक्यात. वाचणारा त्याच टीममधला असावा. सकाळी आलेला बदल जेवणाआधी वाचावा. बदल एवढा मोठा असेल की वाचताना डोळे मिटतात, तर परत पाठवून तुकडे करायला सांगावं. "चांगलं आहे" एवढंच लिहून कुणी मंजूर करत असेल तर त्याला पुढचं काम त्याच कोडमध्ये द्या. महिन्याभरात नीट वाचायला लागतो.

लाल फितीसारखी दिसणारी एक खरी सही

सगळ्या बाहेरच्या सह्या फुकट, असा समज करून घेऊ नका. एका गावच्या सचिवांचा फोन आला. "मॅडम, बिलातनं आधी कर्जाचा हप्ता कापा, मग पशुखाद्य, मग बाकीचं. तेवढं खालीवर करायचं, दोन मिन्टाचं काम." काम खरंच तेवढंच होतं. पण कपातीचा क्रम बदलला की कुणाच्या हातात किती पडतं ते बदलतं. आम्ही म्हटलं, संचालक मंडळाचा ठराव आणा. सचिव वैतागले. "तुम्ही बी सरकारी झालासा काय?" पुढच्या बैठकीत विषय आला आणि मंडळानं नाही म्हटलं. दोन लिटर दूध घालणाऱ्या बायकांचं बिल शून्यावर येतंय, हे बैठकीतल्याच एका बाईंनी दाखवून दिलं. ठराव झाला तो वेगळाच: बिलाचा ठरावीक हिस्सा हातात पडलाच पाहिजे, कपात उरलेल्यातून. आम्ही तसा कोड केला.

हे मंडळ कोड बघत नाही, तरी ती सही खरी आहे. निर्णय पैशाचा होता आणि पैसा सभासदांचा. ज्या गोष्टीवर सही मागता ती गोष्ट सही करणाऱ्याला कळते का, आणि तिचं बरंवाईट त्याच्या अंगावर येतं का, हे दोन प्रश्न विचारून बघा. त्या ठरावाचा क्रमांक आम्ही कोडमध्ये त्या ओळीवरच लिहून ठेवतो. चार वर्षांनी नवा सचिव "हे असं का?" म्हणून विचारतो, तेव्हा लगेच सापडतो.

गिऱ्हाइकासाठीचा कागद

टेंडर असेल, वाहन कंपन्यांना माल देणाऱ्या फौंड्रीचं आयएटीएफ (वाहन उद्योगाचं दर्जाचं मानक) ऑडिट असेल, तिथं कागद मागणारच. भांडू नका, पण त्यासाठी वेगळं लिहीतही बसू नका. केलेल्या कामातूनच कागद निघाला पाहिजे. कुणी बदल केला, कुणी वाचला, कधी चढला, हे गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, असतंच. टेस्टचा निकाल यंत्र छापतं. महिन्याला एकदा त्याची पीडीएफ काढणारी स्क्रिप्ट लिहा आणि ऑडिटरसमोर ठेवा. आमच्या अनुभवात ऑडिटर उलट खूश होतात. खाडाखोड नाही, तारखा खऱ्या. काही रकाने तरीही उरतात. ते भरायला एक माणूस, एक ठरलेली सकाळ. बाकीच्यांना त्याचा वाससुद्धा लागू देऊ नका. आणि जे केलं नाही ते 'केलं' म्हणून लिहू नका. तापमानाच्या त्या रकान्यासारखं होतं, एक दिवस खरा आकडा हवा असतो तेव्हा सगळी फाइल निरुपयोगी.

नियमाला जन्मतारीख लिहा

नवा नियम करताना त्याच्याखाली तीन गोष्टी लिहा: कशामुळं आला, कोण सांभाळतो, परत कधी बघायचा. "कशामुळं" पुढं खरी घडलेली गोष्ट हवी. "चांगली पद्धत म्हणून" असं कुणी लिहिलं तर कागद परत करा. एखादी मोठी गडबड झाल्यावर दुसऱ्याच दिवशी नियम करू नका. त्या दिवशी सगळ्यांना सहीचा उमाळा येतो. आठवडा जाऊ द्या, मग बसा. यंत्राला सांगता येईल का, हा पहिला प्रश्न. नाही आलं सांगता, तर शेजारच्याच्या नजरेनं भागेल का, हा दुसरा. बाहेरची सही सगळ्यात शेवटी.

तुम्ही टीममध्ये नवीन असाल आणि प्रोसेस बदलायची ताकद हातात नसेल, तर वाद घालत बसू नका. तिसरा रकाना आपल्या वहीत भरत जा. तीन-चार महिन्यांनी तो कागद साहेबांसमोर ठेवा आणि एकच सही काही काळ काढून बघू का, एवढंच विचारा. सगळ्या एकदम मागितल्या तर एकही सुटणार नाही. कुठली आधी मागायची? जी सगळ्यात जास्त थांबवते आणि जिच्यावर कुणाचा मान अवलंबून नाही ती.

ही बैठक महिन्याच्या ४-५ तारखेला घ्या. १०, २० आणि महिनाअखेरीला आमच्याकडं कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं. तुमच्याकडंही असे दिवस असतील, ते टाळा.